ड्रम सॉफ्टवेअर बदलायचं की ड्रम ट्रॅक? खरेदीआधीची तपासणी, क्रमानं

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांकडून ड्रम सॉफ्टवेअरची, म्हणजे संगणकावरच ड्रम वाजवून देणाऱ्या सॉफ्टवेअरची, खरेदी बहुतेकदा अशी होते. स्वतःच्या गाण्यातले ड्रम निर्जीव वाटत असतात. कुठल्यातरी नव्या सॉफ्टवेअरचा डेमो कानावर पडतो, तो दणदणीत वाटतो, सवलत संपायला दोन दिवस उरलेले असतात आणि पैसे भरले जातात. आठवड्याभरानं गाण्यातले ड्रम पुन्हा तसेच, फक्त डिस्कवरची बरीचशी जागा गेलेली.

इथं क्रमच उलटा आहे. डेमो ऐकणं ही शेवटून तिसरी पायरी असायला हवी. आपण तिथून सुरुवात करतो. खालचे पहिले तीन टप्पे फुकटात होतात आणि पुष्कळांचा प्रश्न तिथंच मिटतो. म्हणून ते गाळून थेट सहाव्या टप्प्यावर उडी मारू नका. तसं करायचं असेल तर हा लेख वाचायचीही गरज नाही, तेवढं सगळेच करतात.

## तयारी: हे हाताशी घ्या

- स्वतःचं एक गाणं, ज्यात बास, गिटार किंवा कीबोर्ड आणि शक्यतो गायन आधीच रेकॉर्ड झालेलं आहे. नुसता ड्रम ट्रॅक चालणार नाही.
- त्या गाण्याच्या ड्रमची मिडी (कोणता ठोका कधी आणि किती जोरात वाजवायचा याची नोंद; यात आवाज नसतो), वेगळी फाइल म्हणून एक्सपोर्ट केलेली.
- त्याच शैलीचं आणि साधारण त्याच वेगाचं, ड्रम आवडलेलं एक रेकॉर्डिंग. ते मास्टर झालेलं (प्रसिद्धीसाठी अंतिम रूप दिलेलं) असणार, म्हणजे तुमच्या मिक्सपेक्षा मोठं वाजणार. तुलनेआधी त्याची पातळी खाली घ्या.
- एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजणारं एकक) दाखवणारा कुठलाही लाउडनेस मीटर. पुष्कळ रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तो असतोच.
- कागद आणि पेन. गंमत नाही, पहिला टप्पा कागदावरच होतो.

## टप्पा १: तक्रार एका वाक्यात लिहा

"ड्रम खोटे वाटतात" ही तक्रार नव्हे, ती चिडचिड आहे. नेमकं काय खटकतं ते लिहा: स्नेअरचे जलद ठोके टाइपरायटरसारखे वाजतात? कोरसमध्ये ड्रम गिटारच्या मागे दडतात? हाय-हॅट (पेडलनं उघडझाप होणारी झांजांची जोडी) सगळ्यात वर टोचते? मनात असलेली लय बसवायला तासन्‌तास जातात? इलेक्ट्रॉनिक ड्रमवर वाजवताना हाय-हॅट अर्धवट उघडतच नाही?

या प्रत्येक तक्रारीचा उगम वेगळा आहे. टाइपरायटरसारखे ठोके दोन कारणांनी येतात: सगळ्या ठोक्यांची व्हेलॉसिटी, म्हणजे ताकद, सारखी असते, किंवा किटमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या ड्रमच्या संचात) एकाच ताकदीच्या ठोक्याची एकच नोंद असते आणि तीच पुन्हा पुन्हा वाजते. पहिलं कारण तुमच्या हातात आहे, दुसरं सॉफ्टवेअरच्या. ड्रम दडणं हा बहुधा मिक्सचा आणि मांडणीचा प्रश्न असतो. टोचणारी हाय-हॅट जवळपास नेहमी व्हेलॉसिटीची चूक असते. लय सुचत नसेल तर तुम्हाला चांगल्या आवाजाची नाही, चांगल्या ग्रूव्हची (वाजवलेल्या लयीच्या नमुन्याची) गरज आहे, आणि त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अर्धवट उघडणारी हाय-हॅट कधी मॅपिंगवर (कोणती नोट कोणतं वाद्य वाजवते त्या जुळणीवर) अडते, कधी किटवर.

तपासणी: लिहिलेल्या वाक्यात एखाद्या वाद्याचं नाव (स्नेअर, किक, हाय-हॅट) किंवा गाण्यातली नेमकी जागा आली आहे का? नसेल तर गाणं पुन्हा ऐका.

## टप्पा २: मिडी तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. कितीही महाग किट असलं तरी ते मिडीत लिहिलेलंच वाजवतं. आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही.

आधी एक निदान, पाच मिनिटांचं. तुमच्या सॉफ्टवेअरसोबत खऱ्या ड्रमरनं वाजवलेले मिडी ग्रूव्ह येतात का बघा. ड्रमसाठीच बनलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ते सहसा असतात. तुमच्या गाण्याच्या वेगाला जुळेल असा एक ग्रूव्ह घ्या आणि तुमच्या *सध्याच्या* किटमधून, गाण्याच्या आठ बारवर वाजवा. ड्रम अचानक जिवंत वाटले तर किट ठीक आहे, दोष लिहिलेल्या मिडीत आहे. तरीही मेलेलेच वाटले तर दोष आवाजात किंवा मिक्समध्ये आहे. अख्ख्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

माझंच सांगतो. मी एकदा स्नेअर "मशीनगनसारखी" वाजते म्हणून ड्रमच्या आवाजांची मोठी लायब्ररी घेतली, रात्रभर डाउनलोड केली आणि सकाळी नवी स्नेअर तशीच वाजली. मिडी उघडून पाहिली तर सगळे ठोके १०० व्हेलॉसिटीवर. पेन्सिलनं काढलेल्या नोटला माझं सॉफ्टवेअर आपणहून तेवढीच ताकद देत होतं आणि मी ती कधी हलवलीच नव्हती.

२.१ व्हेलॉसिटी. मिडीत ठोक्याची ताकद १ ते १२७ अशी लिहिली जाते. नव्या माणसाची मिडी एकतर सगळी एका रेषेत असते किंवा सगळी १२७ ला टेकलेली. सुरुवातीला मी हे आकडे धरतो:

- मुख्य स्नेअर, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावरची: १०० ते ११५. १२७ राखून ठेवा. बऱ्याच लायब्ऱ्यांमध्ये सगळ्यात वरच्या थरात जोरकस, काठावर बसणारा रिमशॉट असतो. प्रत्येक ठोका तसा वाजला तर कान थकतो.
- स्नेअरचे हलके मधले ठोके, म्हणजे घोस्ट नोट: २० ते ४५.
- आठच्या मात्रेत (एका ठोक्यात दोनदा) चालणारी हाय-हॅट: ठोक्यावरची ८५ ते ९५, मधली ५५ ते ७०. हा एकच बदल केला तरी ग्रूव्ह चालायला लागतो.
- किक: मुख्य ठोके ९५ ते ११०. पाठोपाठ दोन आले तर पहिला थोडा हलका.

प्रत्येक किटचा प्रतिसाद वेगळा असतो, त्यामुळे हे आकडे केवळ सुरुवातीपुरते. कानाला पटेल तिथं हलवा.

२.२ हात मोजा. ड्रमरला दोन हात आणि दोन पाय. एका क्षणी राइड (लय धरणारी मोठी झांज), हाय-हॅट आणि स्नेअर तिन्ही काठीनं वाजत असतील तर तिसरा हात कुणाचा? टॉमचा फिल (नेहमीची लय सोडून भरलेले ठोके) चालू असताना हाय-हॅटच्या आठच्या मात्रा तशाच पुढे चालू ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. क्रॅश (ठसक्यासाठीची झांज) पडतो त्या क्षणी हाय-हॅटचा ठोका काढून टाका. ज्या हातानं क्रॅश मारला तोच हात तिथं होता. डबल किकच्या दोन पेडलवर दोन्ही पाय असताना हाय-हॅटची उघडझाप पायानं करता येत नाही; ड्रॉप क्लच लावला तर ती नुसती बंद राहते. ऐकणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण "काहीतरी खोटं आहे" हे त्याला नक्की जाणवतं.

२.३ वेळ. सगळं ग्रिडवर (मात्रांच्या रेघांवर) चिकटवलेलं असेल तर ह्युमनाइझचं बटण दाबून नोटा इकडेतिकडे फेकू नका. माणूस यादृच्छिक चुकत नाही, तो एका दिशेला झुकतो: कुणी स्नेअर किंचित मागे टाकतो, कुणी कोरसमध्ये थोडा पुढे धावतो. एकच गोष्ट करून बघा. सगळ्या मुख्य स्नेअर ५ ते १० मिलिसेकंद मागे न्या, बाकी जागच्या जागी ठेवा. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) एका ठोक्याचे ५०० मिलिसेकंद होतात. तुमचं सॉफ्टवेअर ठोक्याचे ४८० टिक धरत असेल तर एक टिक म्हणजे जवळपास एक मिलिसेकंद. गणित सोपं आहे.

२.४ मॅपिंग. कोणती नोट कोणतं वाद्य वाजवते ते पाहा. जनरल मिडी या सर्वमान्य मानकात किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, पायानं बंद केलेली ४४, उघडी ४६, क्रॅश ४९, राइड ५१. किट बनवणाऱ्या कंपन्या यात स्वतःची भर घालतात. अर्धवट उघड्या हाय-हॅटचे चार-पाच प्रकार, राइडची घंटा, स्नेअरची कड असं बरंच काही वेगळ्या नोटांवर बसलेलं असतं. एका किटसाठी लिहिलेली मिडी दुसऱ्याला दिली आणि हाय-हॅट गायब झाली, की लोक किटला नावं ठेवतात.

> सावधान: नोटांच्या नावांवर विसंबू नका, आकडे बघा. नोट ३६ ला काही सॉफ्टवेअर सी १ म्हणतात, काही सी २. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त अष्टक मोजण्याची पद्धत निराळी.

## टप्पा ३: असलेल्या किटचा मिक्सर उघडा

बहुतेक जण प्रीसेट निवडतात आणि किटच्या आतल्या मिक्सरच्या पानावर कधी जातच नाहीत. तिथं बघायच्या गोष्टी:

ओव्हरहेड (ड्रमच्या वर टांगलेले) आणि रूम (खोलीचा आवाज घेणारे) माइकचे फेडर, म्हणजे पातळीच्या सरकपट्ट्या, कुठं आहेत? जवळचे माइक तेवढे चालू असतील तर ड्रम प्लास्टिकसारखे, प्रत्येक वाद्य वेगळ्या खोलीत असल्यासारखे वाटतात. ओव्हरहेड आधी वर आणा, चित्र तिथून उभं करा, मग किक आणि स्नेअरचे जवळचे माइक गरजेपुरते मिसळा. खोलीचा आवाज कोरसमध्ये वाढवला की "ड्रम लहान वाटतात" ही तक्रार पुष्कळदा तिथंच संपते.

प्रीसेटमध्ये कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार दाबणारा) आणि ईक्यू (जाड-बारीक सूर कमीजास्त करणारा) आधीच लावलेला आहे का? असेल तर त्यावर तुमचा आणखी एक कॉम्प्रेसर म्हणजे दुहेरी दाब. एकतर त्यांचा बंद करा किंवा तुमचा.

मल्टिपल आउटपुट वापरताय का? किक, स्नेअर आणि ओव्हरहेड वेगवेगळ्या ट्रॅकवर काढल्याशिवाय मिक्स करायला वाव राहत नाही. गॅरेजबँड या ॲपलच्या मोफत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये वाद्याचे असे वेगळे आउटपुट मिळत नाहीत, त्यामुळे तिथली अडचण ड्रम सॉफ्टवेअर बदलून सुटणार नाही. ॲपलच्याच लॉजिक प्रोच्या ड्रम किट डिझायनरमध्ये मात्र प्रोड्यूसर किट नावाचे वेगळे संच आहेत, त्यात प्रत्येक वाद्याची चॅनल स्वतंत्रपणे हलवता येते. वर्षानुवर्षं लॉजिक वापरणाऱ्यांनाही ते ठाऊक नसतात.

व्हेलॉसिटी कर्व्हचं (किती जोरानं मारल्यावर किती आकडा यायचा ते ठरवणारं) सेटिंगही इथंच कुठेतरी असतं. इलेक्ट्रॉनिक ड्रमवर वाजवणाऱ्यांनी ते आधी पाहावं: पॅडवर पूर्ण ताकदीनं मारूनही आकडा ९० च्या वर जात नसेल, तर किटचे वरचे थर तुम्ही कधी ऐकलेच नाहीत.

आणि एकट्या स्नेअरचाच वैताग असेल तर त्या मिडीवर वेगळा एक स्नेअर सँपल (रेकॉर्ड केलेला सुटा ठोका) चढवून बघा. दोन्ही आवाज मिळून पातळ झाले तर एकाची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटवा किंवा सँपल थोडा मागेपुढे सरकवा. एका स्नेअरसाठी अख्खं किट बदलायचं म्हणजे एका दिव्यासाठी घराचं वायरिंग काढण्यासारखं आहे.

थांबा आणि तपासा: पहिल्या टप्प्यात लिहिलेलं वाक्य पुन्हा वाचा. अजून खरं आहे का? नसेल तर लेख इथंच संपला, गाणं पूर्ण करा. अजून खरं असेल तर पुढे या.

## टप्पा ४: नेमकं काय हवंय ते ठरवा

ड्रम सॉफ्टवेअर म्हणून जे विकलं जातं त्यात निदान तीन वेगळ्या गरजा मिसळलेल्या असतात.

पटकन गाणं उभं करायचंय. तुम्ही मुळात गिटार वाजवता किंवा गाता, ड्रमचे बारकावे नको आहेत. मग ग्रूव्हचा संग्रह, ते शोधण्याची सोय आणि आधीच मिक्स केलेली किट महत्त्वाची. टूनट्रॅकचं ईझीड्रमर ३ हे २०२२ साली आलेलं सॉफ्टवेअर याच माणसासाठी आहे. त्यातल्या बँडमेटला गिटार किंवा बासची फाइल दिली की ते जुळणारे ग्रूव्ह सुचवतं. लॉजिक वापरत असाल तर त्यातला ड्रमर आधी पूर्ण वापरून बघा, तो तुमच्याकडे आहेच.

आवाज स्वतः घडवायचाय. माइक निवडायचेत, खोलीचा आवाज कमीजास्त करायचाय, ब्लीड (एका वाद्याचा दुसऱ्याच्या माइकमध्ये झिरपणारा आवाज) हवाय. टूनट्रॅकच्याच सुपीरियर ड्रमर ३ चं उदाहरण घ्या: २०१७ साली आलं, मूळ लायब्ररी २३० जीबीहून मोठी, बेल्जियमच्या गॅलेक्सी स्टुडिओत जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी रेकॉर्ड केलेली. आवाज बहुतांश कच्चा आहे. ज्याला मिक्स करता येतं त्याच्यासाठी तो खजिना आहे. ज्याला येत नाही त्याला पहिल्याच दिवशी वाटतं की जुनं किट यापेक्षा चांगलं वाजत होतं. ही निराशा मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे.

एका ठरावीक शैलीचा आवाज हवाय. समजा आधुनिक मेटल. पेरिफेरी बँडच्या मंडळींनी सुरू केलेल्या गेटगुड ड्रम्सची किट त्याच वळणाची आहेत आणि काँटॅक्टमध्ये (नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं, रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं सॉफ्टवेअर) चालतात. एक्सएलएन ऑडिओचं अडिक्टिव्ह ड्रम्स २ तुकड्यातुकड्यानं वाढवता येतं: पूर्ण किटचे पॅक वेगळे, सुटी स्नेअर किंवा सिंबल वेगळी. अगदी सुरुवातीला असाल तर एमटी पॉवर ड्रम किट २ किंवा स्टीव्हन स्लेट ड्रम्सची मोफत आवृत्ती यावर निदान दोन गाणी करा. त्यानंतर तुमची तक्रार कितीतरी नेमकी होईल.

दोन गरजा असतील तर मोठी कोणती ते ठरवा. "दोन्ही" म्हणणारा माणूस सगळ्यात महाग पर्याय घेतो आणि त्यातले प्रीसेट वापरतो.

## टप्पा ५: आपल्या मशीनवर चालेल का?

हे कंटाळवाणं आहे, पण पैसे दिल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

प्लगइनचा (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामचा) प्रकार. लॉजिक आणि गॅरेजबँडला ऑडिओ युनिट लागतो, प्रो टूल्सला एएएक्स, बाकी बहुतेकांना व्हीएसटी ३. किट काँटॅक्टमध्ये चालणारं असेल तर मोफतचा प्लेयर पुरतो की पूर्ण काँटॅक्ट विकत घ्यावा लागतो, हे उत्पादनाच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचा. पूर्ण काँटॅक्ट लागणारी लायब्ररी प्लेयरमध्ये थोडा वेळ चालून गप्प होते.

डिस्क आणि रॅम. किट इतकी मोठी का होतात? स्नेअरचा एकच प्रकारचा ठोका घ्या. ताकदीचे १० थर, प्रत्येक थराच्या ५ वेगवेगळ्या नोंदी, ८ माइक: झाल्या ४०० फाइल. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिटची तीन सेकंदांची मोनो फाइल साधारण ०.४ एमबी, म्हणजे हा एकच ठोका १६० एमबी. कडेवरचा ठोका, रिमशॉट, ब्रश हे सगळं वेगळं. म्हणून लायब्ररी एसएसडीवरच ठेवा. फिरत्या डिस्कवरून ती चालते, पण प्रोजेक्ट उघडायला जीव जातो. इन्स्टॉलर आधी दाबलेली फाइल उतरवून मग ती सोडवत असेल तर तेवढ्या वेळापुरती जवळपास दुप्पट जागा लागू शकते.

विलंब. माउसनं मिडी काढणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. पॅडवर वाजवणाऱ्यांनी बफर, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचे किती सूक्ष्म तुकडे (सँपल) गोळा करून पुढे पाठवतो तो आकडा, बघावा: ४४.१ किलोहर्ट्झला ६४ सँपलचा बफर म्हणजे सुमारे १.५ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, १०२४ म्हणजे २३. यात इंटरफेसचा आणि ड्रम मॉड्यूलचा विलंब वेगळा मिळतो. हवेतून आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, तेव्हा शून्य विलंबाचा हट्ट नको. पण २३ वर कुणाचाही हात अडखळेल. जड किट २५६ वर कडकडायला लागलं तर तुमचं मशीन त्यासाठी पुरेसं नाही, मग आवाज कितीही आवडो.

हाय-हॅटचं पेडल किती दाबलं आहे हे बहुतेक इलेक्ट्रॉनिक किट कंट्रोलर ४ वर पाठवतात. घ्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या मॉड्यूलचा तयार मॅप आहे का ते बघा. नसेल तर एक संध्याकाळ त्यात जाईल, एवढंच.

लायसन्स. किती मशीनवर चालतं? आयलॉकचं (लायसन्स सांभाळणाऱ्या सेवेचं) खातं लागतं का? लायसन्स क्लाउडवर ठेवावं लागत असेल तर वापरताना इंटरनेट सतत चालू हवं. तुमचा रेकॉर्डिंगचा संगणक ऑफलाइन असेल तर गाडी इथंच अडेल.

## टप्पा ६: आता ऐका, पण नीट

कंपनीचा डेमो त्यांच्या ड्रमरचा, त्यांच्या मिडीचा, त्यांच्या मिक्स इंजिनिअरचा असतो. त्यातून कळतं एवढंच की चांगल्या माणसाच्या हातात हे चांगलं वाजतं. तुम्हाला वेगळं काहीतरी विचारायचंय: *माझी* मिडी, *माझ्या* गाण्यात, *माझ्या* हातून यातून कशी वाजते?

चाचणी आवृत्ती मिळत असेल तर ती उतरवा, पण दुसरा टप्पा झाल्याशिवाय नाही. पंधरा दिवसांच्या चाचणीतले बारा दिवस मिडी दुरुस्त करण्यात गेलेले लोक मी पाहिले आहेत.

1. सुधारलेली मिडी जुन्या किटमधून गाण्यातल्या एका कडव्यावर आणि कोरसवर वाजवा, ड्रमचा वेगळा ऑडिओ काढा.
2. प्रोजेक्टची प्रत करा. त्या प्रतीत नवं किट लावा, मॅपिंग जुळवा. प्रत्येक वाद्य एकेकदा वाजवून खात्री करा.
3. दोन्हीकडे सारखाच उपचार ठेवा. दोन्ही कच्चे, किंवा दोन्ही प्रीसेटसह. जुनं कच्चं आणि नवं सजवलेलं ही तुलना नव्हे, ते लग्नातल्या फोटोशेजारी ओळखपत्रावरचा फोटो ठेवणं आहे.
4. नव्या किटला जुन्याइतकाच वेळ द्या. अर्धा तास ठरवला तर दोघांनाही अर्धाच तास.
5. दोन्ही ड्रम फाइलींचा एलयूएफएस मोजा आणि पातळी समान करा, फरक अर्ध्या डेसिबलच्या आत हवा. कानाला मोठा आवाज *चांगला* वाटतो, *मोठा* नाही. पातळी न जुळवता केलेली तुलना फुकट जाते.
6. दोन्ही ड्रम बाकीच्या वाद्यांसकट मिक्स करून बाहेर काढा. फाइलींना कुणाकडून तरी अशी नावं द्यायला लावा की कोणती कुठली ते तुम्हाला कळणार नाही.
7. आज ऐकू नका. उद्या सकाळी, एकदा हेडफोनवर, एकदा छोट्या स्पीकरवर ऐका आणि पसंती लिहून ठेवा. मगच नावं उघडा.

> सावधान: नुसते ड्रम ऐकून निर्णय करू नका. एकट्यानं भरगच्च वाटणारी किक बासशी भांडते, आणि एकट्यानं कोरडी वाटणारी स्नेअर पूर्ण गाण्यात अचूक बसते. तुमच्या श्रोत्याच्या हाती सोलो बटण नसतं.

चाचणी आवृत्ती नसेल तर ज्या व्हिडिओत कच्चे माइक वेगवेगळे ऐकवले आहेत तेवढेच ऐका. त्यातही हलके ठोके आणि हळू वाजवलेली स्नेअर शोधा. जोरात मारल्यावर सगळीच किट छान वाजतात. किटचा खरा कस २० ते ५० व्हेलॉसिटीमध्ये आणि हाय-हॅट हळूहळू उघडताना लागतो.

दोन्ही फाइलींत फरक ओळखता आला नाही, किंवा एकदा ही आणि एकदा ती आवडली, तर उत्तर मिळालं: घेऊ नका. या निकालावर लोक फार नाराज होतात, कारण मनातून खरेदी आधीच झालेली असते.

## टप्पा ७: पूर्ण हिशेब

सॉफ्टवेअरच्या किमतीत हेही मिळवा: लागणारी एसएसडी, पूर्ण काँटॅक्ट (लागत असेल तर) आणि तुमच्या शैलीचा विस्तार पॅक. हा शेवटचा खर्च बहुतेक जण विसरतात. मूळ संचात तुम्हाला हवी ती किट नसेल तर पॅक ही हौस नाही, तो मूळ किमतीचाच भाग आहे.

पॅक घेताना दिशा बघा. ईझीड्रमरचे ईझीएक्स पॅक सुपीरियर ड्रमर ३ मध्ये उघडतात. सुपीरियरचे एसडीएक्स ईझीड्रमरमध्ये उघडत नाहीत. पुढेमागे मोठ्या सॉफ्टवेअरवर जायचा विचार असेल तर छोट्यापासून सुरुवात केल्यानं पॅकचे पैसे वाया जात नाहीत. उलट रस्ता बंद आहे.

परतीचे आणि लायसन्स दुसऱ्याच्या नावे करण्याचे नियम वाचून घ्या. एकदा सुरू केलेलं सॉफ्टवेअर पुष्कळ ठिकाणी परत घेत नाहीत. सवलतीचं म्हणाल, तर ती पुन्हा येते. प्लगइन कंपन्या नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडेला सेल लावतात, वर्षभरात अधूनमधूनही लावतात. "आज घेतलं नाही तर गेलं" हे इथं जवळजवळ कधीच खरं नसतं. अपवाद एकच: आधीच्या आवृत्तीचे मालक असाल तर अपग्रेडची किंमत नेहमी वेगळी तपासा.

माझा नियम असा. न ओळखता केलेल्या तुलनेत नवं किट जिंकलं, पहिल्या टप्प्यातली तक्रार त्यानं मिटवली आणि येत्या काही महिन्यांत त्यावर करायची किमान तीन गाणी समोर आहेत, तर घ्या. तिन्हींपैकी एक जरी अट पुरी होत नसेल तर थांबा. पहिली दोन आहेत पण गाणी नाहीत, तरीही थांबा. सॉफ्टवेअर कुठं पळून जात नाही.

## टप्पा ८: घेतलंच तर पहिला आठवडा

इन्स्टॉल करताना निवड करता येत असेल तर मूळ किटच घ्या. सराउंडसाठीचे जादा रूम माइक दोन स्पीकरवर मिक्स करणाऱ्याला नंतरही उतरवता येतील.

पहिल्या दिवशी एक टेम्प्लेट बनवा: एक किट, सात-आठ आउटपुट, नावं आणि रंग दिलेले, मॅप जुळवलेला. पुढची तीन गाणी याच किटवर करा. किट बदलत राहिलात तर कुठल्याही एका किटच्या व्हेलॉसिटीचा अंदाज येत नाही आणि दुसऱ्या टप्प्यातली मेहनत दरवेळी नव्यानं करावी लागते.

गाण्याचा मिक्स सुरू करण्याआधी ड्रमचे सगळे ट्रॅक ऑडिओत उतरवा. प्रोसेसरवरचा भार कमी होतो, आणि व्हेलॉसिटी चिवडत बसायचा मोहही सुटतो.

जुनी प्रोजेक्ट नव्या किटवर फिरवू नका. ज्या गाण्याचा मिक्स झालाय तो जुन्या किटभोवती झालाय. ड्रम बदलले की बासपासून गायनापर्यंत सगळं हलतं. त्याऐवजी जुनं सॉफ्टवेअर काढून टाकण्याआधी त्या प्रत्येक प्रोजेक्टमधले ड्रम वेगवेगळ्या ट्रॅकवर ऑडिओ म्हणून काढून, मिडीसकट त्याच फोल्डरमध्ये ठेवा. फाइल सुरुवातीच्या बारपासून काढा, म्हणजे पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ओढल्या की आपोआप जागेवर बसतील. एखादी उघडून, शेवटपर्यंत वाजवून बघा आणि मगच अनइन्स्टॉल करा.